कोर्टाचा कागद आला तर तो घ्या



या अंकात मी खरं तर आगळाच्या बाटल्यांवरच्या लेबलांबद्दल लिहिणार होते. पण गेल्या दोन महिन्यांत शिरोडा परिसरातल्या तीन गटांच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, म्हणून विषय बदलला. उधारीसाठी किंवा हातउसन्या पैशांसाठी कुणी आपल्यावर कोर्टात दावा लावला तर करायचं काय? लेबलं पुढच्या अंकात.

हा प्रश्न आला कारण आपल्यातल्याच एका काकींवर ही वेळ आली. त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत.

काकी बाजारात कोकम, कुळथाचं पीठ आणि मसाला विकतात. तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडावर त्यांनी एका व्यापाऱ्याकडून माल आणि रोख मिळून पन्नास हजार घेतले. एका कागदावर सही केली, त्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. पावसात माल भिजला, तरी जमेल तसे पैसे देत राहिल्या. कधी हातात, कधी मुलाच्या मोबाईलवरून. बेरीज केली तर एकतीस हजार झाले. पावती एकाचीही नाही. मग एक दिवस कोर्टाचा बेलीफ घरी आला. काकी बाजारात होत्या. दिरांनी सांगितलं, "ती घराक नाय. कागद आमी घेवचंव नाय." बेलीफाने कागद दारावर चिकटवला. जुलै महिना होता, चार दिवसांत तो ओला होऊन पडला.

काकींनी तेव्हा मला फोन केला होता. मी म्हटलं, "वकिलाची नोटीस असेल काकी, पुढच्या मीटिंगला घेऊन या." मीटिंगला विषय राहून गेला. ही माझी चूक, आणि हा लेख लिहिण्याचं अर्धं कारण तेच आहे.

पाच महिन्यांनी बेलीफ पुन्हा आला. या वेळी जप्तीची नोटीस होती. दावा केव्हाच एकतर्फी निकाली निघाला होता, व्याजासकट ब्याऐंशी हजारांचा हुकूमनामा झाला होता. काकी मला म्हणाल्या, "मी अर्ध्यापेक्षा जास्त फेडलंय, मगे माज्यार हुकूम कसो झालो?"

झाला, कारण एकतीस हजार दिल्याचं कोर्टाला सांगायला कुणी गेलंच नाही. न्यायाधीशांसमोर एकाच बाजूचे कागद होते. आपण न गेल्यामुळे जितके दावे हरतो तितके कायद्यामुळे हरत नसू, असं आता माझं मत झालं आहे.

आधी कागद कुठला ते बघा

आपल्याकडे कसलाही छापील कागद आला की "कोर्टाची नोटीस इली" म्हणतात. पण कागद वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं.

वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. समोरच्याने वकिलामार्फत पाठवलेलं ते पत्र आहे. तिला लेखी उत्तर द्यावं, पण तिच्यावर कोर्टाची तारीख नसते. समन्सवर मात्र कोर्टाचं नाव आणि शिक्का असतो, दाव्याचा नंबर असतो, वादी आणि प्रतिवादी कोण ते असतं आणि हजर राहायची तारीख असते. वादी म्हणजे दावा लावणारा. प्रतिवादी म्हणजे आपण. प्रतिवादी हा शब्द वाचून "मी आरोपी झाले" असं समजू नका. दिवाणी दाव्यात आरोपी कुणीच नसतं, दोन बाजू असतात.

लोकअदालतीची "दाखलपूर्व" नोटीस बऱ्याच घरांत येते. बँक, वीजबिल, घरपट्टी यांच्या थकबाकीसाठी ती काढतात. दाखलपूर्व म्हणजे दावा अजून दाखल झालेला नाही, आधी तडजोड होते का ते बघू. तिथे तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. जाऊन बोलणं फायद्याचं असतं, पण त्या नोटिशीने झोप उडवून घेऊ नका.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर प्रकरण बहुतेक वेळा कोर्टात जातच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडे अर्ज करते आणि वसुली दाखला घेते. गावात त्याला नुसतं "एकशे एक" म्हणतात. त्याची नोटीस सहायक निबंधकांच्या कार्यालयातून येते. ती आली की त्या तारखेला जाऊन हिशेबाला लेखी हरकत घ्यायलाच हवी. कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. जामीनदार झालेल्या मैत्रिणींनी हे दोनदा वाचा. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते, "आधी त्याच्याकडून घ्या" असं म्हणता येत नाही.

चेक न वटल्याची नोटीस सगळ्यांत घाईची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर विषय तिथेच संपतो. नाही दिली तर पुढे एक महिन्यात समोरचा फौजदारी तक्रार करू शकतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "कोरा चेक दिला होता, रक्कम त्याने भरली" हे सांगून सुटका होत नाही. सही आपली असेल तर कोरा दिलेला चेकही देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं काम आपलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केलं आहे. म्हणून कोऱ्या चेकवर सही करू नका, हे मी प्रत्येक गटात कंटाळा येईपर्यंत सांगते.

कधी कधी चेन्नई किंवा मुंबईहून "लवादाची" नोटीस येते. कर्जाच्या करारात बारीक अक्षरात तशी अट असते. लवादाचा निर्णय कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो, त्यामुळे लांबचा पत्ता बघून ती फेकून देऊ नये.

आणि व्हॉट्सॲपवर येणारं "अटक वॉरंट"? लाल शिक्का, तराजूचं चित्र, "आज चार वाजेपर्यंत पैसे भरा नाहीतर पोलीस येतील". अशा मेसेजला पैसे पाठवू नका. दावा खरा आहे की नाही ते तपासता येतं. खऱ्या दाव्याला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्स या सरकारी ॲपवर तो टाकला, किंवा तालुका कोर्ट निवडून आपलं नाव टाकलं, की दावा, पुढची तारीख, सगळं दिसतं. घरातल्या कॉलेजच्या मुलांना हे पाच मिनिटांत जमतं. छोट्या फायनान्सच्या वसुलीवाल्यांबद्दलही सांगते: मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत बसत नाही. शिवीगाळ आणि धमकी तर केव्हाच नाही.

कुठलं कोर्ट

मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडी "लघुवाद कोर्ट" हा शब्द असतो, खोलीच्या भाड्याची भांडणं तिथे चालतात म्हणून. तसं वेगळं लघुवाद न्यायालय आपल्या जिल्ह्यात नाही. आपल्या तालुक्यातले छोट्या रकमेचे दावे वेंगुर्ल्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांसमोर चालतात. त्यावरचं अपील ओरोसला जिल्हा न्यायालयात. म्हणजे शिरोड्याहून एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येईल इतकंच ते लांब आहे. कामकाज मराठीत चालतं, आपलं म्हणणंही मराठीत देता येतं.

कागद न घेतल्याने काय होतं

काहीच टळत नाही. घरातल्या कुणाही सज्ञान माणसाला, बाई असो की पुरुष, समन्स देता येतं. घ्यायला नकार दिला तर बेलीफ तो दारावर चिकटवतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. रजिस्टर पोस्ट परत पाठवलं तरी "नकार" असा शेरा पडतो आणि समन्स मिळालं असंच धरलं जातं. नुकसान एवढंच होतं की सोबत आलेली दाव्याची प्रत आपल्या हाती येत नाही. समोरचा आपल्याबद्दल काय म्हणतो आहे, तेच आपल्याला कळत नाही.

तेव्हा कागद घ्या, सही करा. ही सही देणं कबूल असल्याची नसते, कागद मिळाल्याची असते. सहीशेजारी तारीख घाला. समन्सच्या पाकिटावरही मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजायचे. हे घरातल्या पुरुषमाणसांनाही सांगून ठेवा. काकींचे दीर वाईट नाहीत हो, त्यांना वाटलं आपण वहिनीला वाचवतोय.

वकिलाचे पैसे

"वकील लावूक पैसे असते तर उधारीच नसती फेडली?" असं मला आसोलीच्या एका ताईंनी विचारलं. बरोबर आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, बायकांना नाही. पिवळं रेशनकार्ड लागत नाही. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, जिल्ह्याचं कार्यालय ओरोसला. आधार कार्ड, समन्स आणि दाव्याची प्रत घेऊन जायचं, अर्ज भरायचा, ते वकील नेमून देतात. त्या वकिलांना फी समिती देते, तुम्ही द्यायची नसते. टायपिंग, कोर्ट फी हा खर्चही त्यात येतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

एक सांगायला हवं. मोफतचा वकील मिळाला म्हणजे आपण निर्धास्त झालो असं नाही. त्यांच्याकडे बरीच कामं असतात. तारखेला तुम्ही स्वतः जा, नंबर घ्या, आपला हिशेब त्यांना समोर बसून समजावून सांगा. आमचा अनुभव असा की जी बाई कागद नीट लावून नेते तिचं वकीलही नीट ऐकतात.

कैफियत

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यायचं असतं. त्याला कैफियत म्हणतात. आपण मराठीत "कैफियत मांडणे" म्हणतो ना, तीच ही. कारण सांगून कोर्टाकडून मुदत वाढवून मिळू शकते, साधारण ९० दिवसांपर्यंत. त्यानंतरही काही वेळा कोर्ट दंड घालून कैफियत घेतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. नुसतं हजर राहून कैफियत दिली नाही तरी दावा आपल्याविना पुढे जाऊ शकतो.

प्रॉमिसरी नोट, चेक किंवा लेखी करारावरचा दावा "समरी सूट" म्हणून लावलेला असेल तर मुदत फार कमी. १० दिवसांत हजेरी लावून आपला पत्ता द्यायचा. नंतर वादी निकालासाठी दुसरं समन्स देतो, त्यापासून १० दिवसांत "मला बचाव करू द्या" असा प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा. समन्सवर "समरी" किंवा "ऑर्डर ३७" हे शब्द दिसले तर मीटिंगची वाट न बघता दुसऱ्या दिवशी वेंगुर्ला गाठा.

आता कैफियतीचा मजकूर. वकील लिहितील, पण माहिती आपणच द्यायची असते, म्हणून त्याची पद्धत कळायला हवी. दाव्यात परिच्छेदांना नंबर असतात. प्रत्येक नंबरला वेगळं उत्तर द्यायचं: हे खरं आहे, हे खोटं आहे, हे अर्धं खरं आहे. इथे एक नियम आहे, तो मला एमएसडब्ल्यूला शिकतानाही नीट कळला नव्हता. दाव्यातली जी गोष्ट तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही, ती तुम्ही कबूल केली असं कोर्ट धरू शकतं. मोघम नकारही चालत नाही.

काकींच्या दाव्यात लिहिलं होतं की "प्रतिवादीने वादीकडून पन्नास हजार घेतले व त्यापैकी एक रुपयाही परत केला नाही, तसेच दरमहा तीन टक्के व्याज देण्याचे मान्य केले." यावर "सर्व मजकूर खोटा आहे" असं लिहिलं तर ते खोटंच होईल, कारण पैसे घेतले होते. आणि एकदा आपलं एक वाक्य खोटं ठरलं की पुढच्या खऱ्या वाक्यांवरही कोण विश्वास ठेवणार? काकींचं उत्तर असं झालं: पन्नास हजार घेतले हे खरं. एक रुपयाही दिला नाही हे खोटं, अमुक अमुक तारखांना एकूण एकतीस हजार दिले, त्यातले साडेसतरा हजार मोबाईलवरून. तीन टक्के व्याज कधी ठरलं नव्हतं, सही केली तेव्हा कागदावर व्याजाचा आकडा नव्हता.

मोबाईलवरून दिलेले पैसे सिद्ध करणं सोपं निघालं. बँकेतून खात्याचा उतारा आणला, त्यात तारीख, रक्कम, समोरच्याचं नाव सगळं आलं. हातात दिलेल्या रोखीचं मात्र अवघड आहे. पैसे देताना कोण होतं, त्या दिवशी गटातून उचल घेतली होती का, गटाच्या रजिस्टरात "व्यापाऱ्यास देणे" असं काही लिहिलं आहे का, हे शोधावं लागलं. तीन हजारांची एक नोंद गटाच्या इतिवृत्तात सापडली. सचिव ताईंनी कारणासकट लिहून ठेवलं होतं. इतिवृत्त नीट लिहा म्हणून मी मागे लागते तेव्हा तुम्ही हसता, आता हसू नका.

बचावाचे मुद्दे कोणते असू शकतात

पैसे फेडले, हा पहिला. माल खराब निघाला किंवा कमी मिळाला, हा दुसरा. तसं असेल तर तेवढी वजावट मागता येते. त्यासाठी फोटो, मेसेज, परत पाठवल्याची चिठ्ठी जपून ठेवायला हवी.

तिसरा मुद्दा मुदतीचा. उधारी किंवा हातउसन्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत लावायचा असतो. त्यानंतर लावला तर मुदतबाह्य म्हणून तो फेटाळला जाऊ शकतो. पण ही तीन वर्षं संपायच्या आत तुम्ही "देणं बाकी आहे" असं लिहून सही दिली, किंवा थोडी रक्कम भरून त्याची सहीनिशी नोंद झाली, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणूनच काही सावकार अडीच वर्षांनी गोड बोलत येतात: "काय नाय गो, नुसती वहीत सही कर." सही करण्याआधी कुणाला तरी दाखवा. आता कुणी मला म्हणेल, पैसे घेतले आहेत तर मुदत संपली म्हणून बुडवायचे का? तसं मी म्हणत नाही. घेतलेलं द्यावंच. पण बाराशेचे बारा हजार करून मागणाऱ्यासमोर आपला हक्क काय आहे तो माहीत असावा.

चौथा, सावकारीचा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्टाने हुकूमनामा द्यायचा नाही, असं त्या कायद्यातच आहे. उलट विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. परवानाधारकालाही वाटेल ते व्याज लावता येत नाही, दर सरकार ठरवतं. दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस, हे तर कुठल्याच सरकारी दरात बसत नाही. शिवाय आपल्या आजीच्या तोंडचा "दामदुप्पट" शब्द आठवा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा तो जुना नियम, आणि सावकारी कर्जात कोर्ट मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूम देत नाही. मात्र नात्यातल्या कुणी अडीअडचणीला एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. तो मुद्दा तिथे काढला तर फजिती होईल.

सही आपली नाही, कागदावर नंतर मजकूर भरला, हेही मुद्दे असतात. पण ते सिद्ध करणं कठीण आणि वेळखाऊ. खरंच तसं असेल तरच घ्या.

तडजोड

देणं खरोखर बाकी असेल तर मला वाटतं लढत बसण्यापेक्षा लोकअदालत बरी. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा तालुका कोर्टातही भरते. तिथे दोन्ही बाजू बसून रक्कम आणि हप्ते ठरवतात. पण सही करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. दोन, हप्ता चुकला तर तोच निवाडा हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. म्हणून "हो हो, महिन्याला पाच हजार देते" असं भिडेपोटी म्हणू नका. ऑगस्टमध्ये पर्यटक नसतात, मासेमारी नुकती सुरू होत असते, तेव्हा हातात किती येतात ते आठवून आकडा सांगा. दावा चालून आपल्याविरुद्ध निकाल लागणार असेल तरी हप्ते पाडून द्या अशी विनंती न्यायाधीशांना करता येते. ती निकालाच्या आधी करावी, निकालानंतर समोरच्याची संमती लागते.

एकतर्फी निकाल झालाच असेल तर

दावा अजून चालू असेल आणि फक्त एकतर्फीचा आदेश झाला असेल तर पुढच्या तारखेला जाऊन, न आल्याचं योग्य कारण देऊन, आपल्याला सामील करून घेण्याचा अर्ज करता येतो. हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत. समन्स रीतसर मिळालंच नव्हतं असं असेल तर ते ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. थांबून बघू म्हणण्यात अर्थ नाही, कारण हुकूमनाम्याची वसुली बारा वर्षांपर्यंत मागता येते.

आणि आता तो प्रश्न, जो काकींनी मला तीन वेळा विचारला: "माका पोलीस नेतले काय?" नाही. पैशांच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. (चेकच्या फौजदारी केसला हे लागू नाही. तिथे तारखा चुकवल्या तर वॉरंट निघतं.) जप्तीलाही मर्यादा आहे. कलम ६० प्रमाणे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाई अंगावेगळा करत नाही असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, तेही नाही. कारागिराची हत्यारं नाहीत, शेतकऱ्याची शेतीची अवजारं, लागणारी गुरं आणि बियाणं नाही. शेतकरी किंवा मजूर राहतो ते त्याचं घरही नाही, अर्थात ते गहाण टाकलं नसेल तर. आणि सूर्यास्तानंतर बेलीफाला जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. टीव्ही, गाडी, बँकेतली शिल्लक, हौसेचे दागिने मात्र जाऊ शकतात.

ज्या शिरोड्यात १९३० साली लोक मिठासाठी आपणहून तुरुंगात जायला निघाले, तिथे आज साध्या उधारीच्या कागदाला इतकं घाबरतो याचं मला कधी कधी नवल वाटतं. पण त्यांना आपण कशासाठी जातोय ते माहीत होतं, आणि ते एकटे नव्हते.

काकींचं पुढे काय झालं ते सांगते. जप्तीची नोटीस मिळाल्यावर नवव्या दिवशी आम्ही अर्ज केला. दिरांनी प्रतिज्ञापत्र दिलं की कागद मी नाकारला आणि वहिनीला सांगितलं नाही. सोपं नव्हतं त्यांना ते. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, दोन तारखा गेल्या. शेवटी हुकूमनामा रद्द झाला, पण काकींनी पंधरा हजार कोर्टात जमा करायच्या अटीवर. ते पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून उचलले, त्याचे हप्ते चालू आहेत. कैफियत दाखल झाली आहे. व्याजाचा मुद्दा उरला आहे, त्यावर उलटतपास व्हायचा आहे. व्यापाऱ्याने मध्ये एकदा निरोप पाठवला की मुद्दलाची बाकी द्या आणि मिटवा. काकी म्हणतात, एकोणीस हजार माझ्याकडून येणं आहे ते मी देणार, पण आधी एकतीस मिळाले म्हणून त्याने लिहून दिलं पाहिजे. पुढच्या लोकअदालतीला प्रकरण ठेवायचा अर्ज दिला आहे.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत शेवटची पंधरा मिनिटं आपण "आलेले कागद" या विषयाला ठेवणार आहोत. घरात पाकिटात, फळीवर, देवघरामागे पडलेला असा कुठलाही कागद असेल तर घेऊन या. मला वाचता आला नाही तर तालुका विधी सेवा समितीत दाखवून आणीन. आणि समन्स असेल तर मीटिंगपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी मला किंवा तुमच्या गावातल्या सीआरपी ताईंना फोन करा. या वेळी मी "मीटिंगला घेऊन या" म्हणणार नाही.